माझ्या कादंबरीतली नर्स रात्री तीन वाजता काय करते?

मांडवीकाठ | शुक्रवार, रात्री ९:५०

मंडळी, नमस्कार. इथे मी बहुतेक वाचनमात्रच असते. पहिलाच धागा काढतेय आणि तोही मदत मागायला, सांभाळून घ्या.

चार वर्षं एका कादंबरीत अडकलेय. पणजीच्या मळा भागातलं एक जुनं घर, १९८६ चा पावसाळा. निवृत्त मराठी हेडमास्तर, पोटाचा कॅन्सर, 'आता घरीच न्या' असं डॉक्टरांनी सांगितलेलं. बायको गेलेली, मुलगा दुबईला. सांभाळायला नदीपलीकडून आलेली एक नर्स. पस्तिशीची, लग्न न झालेली, कमी बोलणारी. ५ जुलैला मांडवीवरचा पूल पडतो, आळीपाळीने येणारी दुसरी नर्स यायची बंद होते आणि घरात ही दोघंच उरतात. तिथून तो जाईपर्यंतचे एक्केचाळीस दिवस, एवढीच गोष्ट.

दोनशे पानं झालीत. दोन मैत्रिणींना वाचायला दिली. एक म्हणाली, छान आहे (तिने वाचलेली नाही, मला ठाऊक आहे). दुसरीने तोंडावर सांगितलं, "म्हातारा खरा आहे, नर्स खोटी आहे. सारखी आपली खिडकीशी उभी असते."

मोजलं. अकरा वेळा उभी आहे.

तर इथे कुणी नर्स असतील, कुणाच्या घरी नर्स राहिली असेल, कुणी रात्रीची सोबत केली असेल, त्यांनी सांगा. पेशंट झोपलाय, बाहेर पाऊस आहे, तीन वाजलेत. ती काय करते?

---

कोकमसरबत | शुक्रवार, रात्री १०:०४

मळ्यात, ऐन जुलैत, खिडकी उघडून अकरा वेळा? डासांनी पेशंटच्या आधी तिलाच नेली असती.

(दिवा घ्या, म्हणजे हलकंच घ्या.)

---

फेरीबोट | शुक्रवार, रात्री १०:३१

पूल पडला म्हणून नर्स अडकली, हे मला झेपलं नाही. ५ जुलै १९८६, शनिवार होता. मी तेव्हा म्हापशाहून पणजीला रोज कामाला यायचो. पूल पडला म्हणून गोवा थांबला नाही हो. बेतीला फेरीसाठी रांगा लागायच्या. छत्री, डबा, ऑफिसचे बूट हातात आणि पायांत चपला, अशी सगळी वरात. एकदा तर एक नवरामुलगा मुंडावळ्या बांधून आमच्यासोबत उभा होता. उशीर व्हायचा, पण माणूस पोचायचा.

म्हणजे दुसरी नर्स येत नसेल तर कारण दुसरं शोधा. पुलाच्या माथी मारू नका, बिचारा आधीच पडलाय.

---

वाचनमात्र | शुक्रवार, रात्री १०:४०

५ जुलै अधिक ४१ म्हणजे १५ ऑगस्ट. मुद्दाम?

---

मांडवीकाठ | शुक्रवार, रात्री १०:५२

@वाचनमात्र, हो. मास्तर १९५५ च्या १५ ऑगस्टला गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात होते, असं दाखवलंय. जास्तच होतंय का?

@फेरीबोटकाका, फेरीचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आता काय करू? पूल हा कादंबरीचा कणा आहे.

---

कोकमसरबत | शुक्रवार, रात्री १०:५५

कणा पडला की पेशंट बेडरिडन.

---

तिसवाडीकर | शुक्रवार, रात्री ११:२०

जरा वेगळं बोलतो. मरणारा माणूस आणि त्याची एकाकी नर्स ही जोडी साहित्यात इतकी वापरून झाली आहे की तिचे पायमोजे झिजलेत. ठरलेला साचा: पेशंटकडे भूतकाळ असतो, नर्सकडे फक्त कान असतात. तो आठवणी सांगतो, ती उशी सारखी करते. शेवटी तो जातो आणि ती 'बदलते'. तिचं एकटेपण म्हणजे त्याच्या गोष्टीला लावलेला मंद दिवा.

एक साधी चाचणी करा. तुमच्या पोस्टमध्ये हेडमास्तरांचा पेशा आहे, आजार आहे, बायको, मुलगा, सत्याग्रह, सगळं आहे. नर्सबद्दल काय आहे? वय, आणि लग्न झालेलं नाही. कादंबरीत तरी तिला नाव आहे का?

---

मांडवीकाठ | शुक्रवार, रात्री ११:३४

नाही. 'ती' आहे. मला ते सूचक वाटलं होतं.

आता झोपते.

---

औषधवाला | शनिवार, सकाळी ८:१२

ही पोस्ट कंटाळवाणी होणार आहे, पण कुणीतरी लिहायला हवी. तुमची नर्स मास्तरांना मॉर्फिन टोचते का? टोचत असेल तर आधी ती पानं काढा.

अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा, लागू झाला त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला. म्हणजे तुमच्या गोष्टीच्या आठ महिने आधी. गर्दुल्ल्यांसाठी केलेल्या त्या जाळ्यात कॅन्सरचे पेशंट अडकले. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, एकामागून एक परवाने, आणि नोंदवहीत चूक झाली तर किमान १० वर्षं आत जायची भीती. दुकानदारांनी आणि हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. १९९७ साली अख्ख्या देशाचा वैद्यकीय मॉर्फिनचा वापर १८ किलोवर आला होता. देशाचा, एका वर्षाचा! आणि औषधासाठी अफू पिकवून जगाला पुरवणारा देश आपलाच. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा कुठे वाट थोडी मोकळी झाली.

गंमत म्हणजे १९८६ लाच जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनांसाठी पायरीपायरीची पद्धत जाहीर केली. पहिल्या पायरीवर साधी वेदनाशामकं, शेवटच्या पायरीवर मॉर्फिन, तेही शक्यतो तोंडानेच, ठरल्या वेळी, दर चार तासांनी. दुखायची वाट बघायची नाही. म्हणजे उत्तर छापून आलं त्याच वर्षी आपल्याकडे औषध कपाटातून गेलं. तुमच्या कादंबरीत हे हवं. मास्तर ओरडतायत, शास्त्राला उपाय माहीत आहे, आणि पणजीत तो मिळत नाही.

---

कोकमसरबत | शनिवार, सकाळी ८:३०

@औषधवाला, कंटाळवाणी म्हणून घाबरवलंत आणि चहा गार केलात.

---

पेडण्याची पोर | शनिवार, सकाळी १०:०५

मास्तर मराठीचे, नर्स नदीपलीकडची. घरात बोलतात कुठल्या भाषेत? १९८६ आहे हो! त्या डिसेंबरात राजभाषेवरून गोवा पेटला होता, फेब्रुवारी १९८७ मध्ये कायदा झाला, ३० मेला घटकराज्य. तुमचे मास्तर ऑगस्टमध्ये सुटले, पण त्यांच्या व्हरांड्यात हा विषय रोज चघळला जात असणार. आमच्या घरी आजोबा पेपर मराठी वाचायचे, देवाला मराठीत आळवायचे आणि आजीवर कोंकणीत ओरडायचे. नर्स त्यांना "जेवण जालें?" विचारणार की "जेवलात का?"

---

अ‍ॅडमिन | शनिवार, दुपारी १२:४८

वरच्या प्रतिसादानंतरचे चौदा प्रतिसाद उडवले आहेत. मराठी-कोंकणी वादासाठी वेगळा धागा आहे, २०११ पासून चालू आहे, तिथे जा. इथे पेशंट आहे, आवाज कमी.

---

सांजवात | शनिवार, दुपारी ३:१५

आमच्या आईला शेवटचे पाच महिने घरीच ठेवलं होतं, फोंड्याजवळच्या गावात. एका ब्युरोकडून सिस्टर घेतली. ब्युरोने 'ट्रेंड नर्स' सांगून पाठवलेली पहिली मुलगी तीन महिन्यांचा कसलातरी कोर्स केलेली निघाली. तिला कॅथेटरची पिशवी बेडच्या पातळीच्या खाली ठेवतात हेही ठाऊक नव्हतं. चूक तिची नव्हती, पोर घाबरून रडायलाच लागली. पैसे मात्र आमच्याकडून नर्सचे घेतले होते. तेव्हा लेखिकाबाई, तुमची नर्स कोण आहे ते आधी ठरवा. नर्सिंगचा दोन वर्षांचा एएनएम कोर्स केलेली, तीन वर्षांचा जीएनएम केलेली, की नुसती अनुभवाने शिकलेली? तिघींचे हात वेगळे चालतात.

दुसऱ्यांदा आलेली सिस्टर चांगली होती. शेवटपर्यंत राहिली. पण मला आता एक गोष्ट छळते. आईला जाऊन दोन वर्षं झाली. हा धागा वाचताना लक्षात आलं की ती सिस्टर आमच्याकडे कुठल्या ताटात जेवायची ते मला आठवतं. स्टीलचं, काठ थोडा वाकलेला, मोरीजवळच्या फळीवर वेगळं ठेवलेलं. ते वेगळं कुणी ठेवलं? मी नाही. आईनेही नाही, ती तर अंथरुणात. पण घरात ते ताट वेगळं होतं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

रात्री तीनला ती काय करायची, मला माहीत नाही. मी झोपलेली असायचे. त्यासाठीच तर तिला ठेवली होती.

---

फेरीबोट | शनिवार, दुपारी ३:४०

सांजवातताई, वाकलेल्या काठाचं ताट आमच्याकडेही होतं. नको ती आठवण काढलीत.

---

नाइट_ड्यूटी | शनिवार, रात्री ११:५५

मुलीने हा धागा वाचायला दिला. मी नर्स होते. सरकारी नोकरी तेहतीस वर्षं, आणि निवृत्तीनंतर काही वर्षं घरोघरी जाऊन केलं. ट्रेनिंग ऐंशीच्या दशकातलं, म्हणजे तुमच्या बाईच्या वयाची नाही, तिच्या मागची. टायपिंग हळू आहे, चुका पोटात घाला.

रात्री तीनला काय करते, तर काम करते. दोनला कूस बदलली असेल तर पुढची चारला. दर दोन तासांनी, नाहीतर माकडहाडाशी कातडी लाल होते आणि एकदा फुटली की ती जखम पेशंटच्या आधी बरी होत नाही. तेव्हा एअर बेड कुणाकडे होते? रबरी रिंग. पाठीला स्पिरिट लावून पावडर चोळायची. आता म्हणतात लाल झालेल्या जागी चोळूच नका, नुकसान होतं. आम्ही हजारो पाठी चोळल्या. एका घरी म्हातारी आजी केळीचं कोवळं पान चादरीवर घालायची, त्यावर पेशंटची पाठ. मला वाटायचं काय हे खुळ. पण पान थंड राहायचं आणि चादरीसारखं चिकटायचं नाही.

मग सिरिंज. काचेच्या असायच्या, स्टोव्हवर पातेल्यात उकळायच्या, सुया दगडावर घासून धार करायची. तोंड कोरडं पडतं, ग्लिसरीनचा बोळा फिरवायचा. लघवी किती झाली ती मोजून लिहायची. डायपर नव्हते, जुन्या साड्यांचे तुकडे, ते रात्रीच धुवायचे, कारण सकाळी घरातल्या बायकांना मोरी हवी असते. औषधवाले बरोबर सांगतात. माझ्या आठवणीत घरच्या पेशंटला मॉर्फिन नाहीच, फोर्टविन आणि फेनर्गन, आणि ते उतरलं की पुन्हा विव्हळणं. पुढचं इंजेक्शन सहाला असेल आणि तो चारला मागू लागला, तर ते दोन तास कसे काढायचे, हे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

तुमची बाई खिडकीशी उभी आहे म्हणता. मी घड्याळाशी असायचे.

एकटेपण विचारलंत. ड्यूटीवर मला कधी एकटं वाटलं नाही, त्याला फुरसत लागते. एका गोष्टीचं मात्र वाटायचं. राहायला गेलं की माझे कपडे वाळत घालायला जागा नसायची. पावसाळ्यात घरात दोरी असते ती घरच्यांच्या कपड्यांनी भरलेली. युनिफॉर्म मी टांगेन कुठे? आतले कपडे कुठे? एका बंगल्यात सहा खोल्या होत्या आणि मी दोन महिने ओलसर कपडे घातले. मागितली असती तर दिली असती दोरी, माणसं वाईट नव्हती. पण मागावं लागतं ना.

---

सांजवात | रविवार, सकाळी ६:५०

🙏 आमच्याकडे दोरी होती की नाही तेही मला आठवत नाही.

---

तिसवाडीकर | रविवार, सकाळी ९:१५

@मांडवीकाठ, दोरी घ्या आणि खिडकी बंद करा. अकराच्या अकरा.

---

दोडामार्गी | रविवार, सकाळी १०:३०

मी मेल नर्स. नाइट_ड्यूटीताईंना सलाम. आमच्या सिंधुदुर्गातली माणसं जड आजार झाला की बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातच येतात, त्यामुळे गोव्याच्या वॉर्डात निम्मी बोली आमचीच ऐकू येते. शेवटच्या दिवसांतला पेशंट एकच सांगतो, कोंकणीत "म्हाका घरा व्हर", मालवणीत "माका घराक न्हे". भाषावादवाल्यांनी दोन्हींतला फरक ओळखून दाखवावा. (अ‍ॅडमिन, उडवू नका.)

मरण कसं येतं ते बहुतेक कादंबऱ्यांत चुकतं. माणूस एक वाक्य बोलतो आणि मान टाकतो. तसं क्वचित होतं. बहुतेकांचं बोलणं दोन-तीन दिवस आधीच थांबतं. तळपाय गार पडतात, गुडघ्यांवर जांभळट नक्षी दिसायला लागते. श्वास भरभर चढतो, मग उतरत उतरत थांबतो. तुम्ही मनात आकडे मोजता. वीस. पंचवीस. गेला असं वाटतं आणि परत एक मोठा श्वास येतो. घरचे चार वेळा रडून घेतात. घशात घरघर होते, ती ऐकवत नाही, पण पेशंटला तिचा त्रास बहुधा जाणवत नसतो. एका कुशीवर केलं की कमी होते.

आणि गावात अजून एक. कुणीतरी म्हणतं, "खाली घ्या, खाली घ्या." जीव जाताना माणूस जमिनीवर हवा. मग पाच जण धरून उचलतात, कॅथेटर ओढली जाते, पेशंट विव्हळतो. तिथे नर्सने काय करायचं? मी वाद घालत नाही. "दोन मिनिटं थांबा," म्हणतो, नळी सोडवतो, खाली घोंगडी नीट अंथरतो आणि मग डोकं मी धरतो. तुमचे मास्तर सुधारक असतील तर त्यांचे शेजारी तरी नसतील. हा प्रसंग टाका.

---

कोकमसरबत | रविवार, सकाळी १०:४१

मी विनोद करायला आलो होतो. बसतो गप्प.

---

पेडण्याची पोर | रविवार, सकाळी ११:२०

बाय द वे, प्रेमाचं काय? मास्तर आणि नर्स? काहीच नाही?

---

तिसवाडीकर | रविवार, दुपारी १२:०५

कृपा करून नको.

---

वाचनमात्र | रविवार, दुपारी १:३०

का नको? खऱ्या आयुष्यात झालंय. सिसिली सॉन्डर्स ही इंग्लंडची बाई आधी नर्स, पाठीने दगा दिला म्हणून रुग्णालयात समाजसेविका, आणि शेवटी थेट डॉक्टर. वॉर्सॉहून आलेला डेव्हिड टास्मा नावाचा ज्यू निर्वासित १९४८ मध्ये लंडनमध्ये कॅन्सरने मरत होता. जवळचं कुणी नाही. ही त्याच्याजवळ बसायची. मरणाऱ्यांसाठी वेगळी जागा असावी, हे दोघांच्या बोलण्यातून आलं. जाताना त्याने तिच्यासाठी ५०० पौंड ठेवले, तुझ्या त्या घरात मी खिडकी होईन म्हणून. घर उभं राहायला १९६७ उजाडलं. एकोणीस वर्षं! आज जगभर हॉस्पिस म्हणतात ते सगळं त्या वाटेने आलं. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झालं तेही १९८६ लाच, आणि पुढे आपल्या लोटलीतही त्यांची शाखा झाली. मास्तरांपासून ते एक समुद्रकिनारा लांब राहिलं.

म्हणजे @तिसवाडीकर, सगळ्याच खिडक्या बंद करू नका.

---

तिसवाडीकर | रविवार, दुपारी १:४४

एक उघडी ठेवा. दहा बंद.

---

औषधवाला | रविवार, दुपारी ४:१०

नर्स आणि पेशंट म्हटलं की मला अरुणा शानबागच आठवतात. मूळच्या हळदीपूरच्या, म्हणजे आपल्याच किनाऱ्याच्या खालच्या अंगाच्या. मुंबईच्या केईएममध्ये नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला, १८ मे २०१५ ला गेल्या. मधली बेचाळीस वर्षं त्याच हॉस्पिटलच्या नर्सनी सांभाळलं. एक बॅच निवृत्त झाली की दुसरी. इच्छामरणाचा खटला सुप्रीम कोर्टात गेला तेव्हा त्या सगळ्या ठाम उभ्या राहिल्या, आमची अरुणा आम्ही बघू. इतकी वर्षं पडून, अंगावर एक बेडसोर नाही. कोर्टाने ७ मार्च २०११ ला निकाल दिला त्यात या नर्सचं कौतुक आहे.

---

पेडण्याची पोर | रविवार, दुपारी ४:३५

पण तिला स्वतःला काय हवं होतं, हे कुणाला विचारता आलं? मला त्या गोष्टीत नर्सचा अभिमानही दिसतो आणि अंगावर काटाही येतो.

---

दोडामार्गी | रविवार, संध्याकाळी ६:०२

दोन्ही खरं आहे. म्हणून तर आधी लिहून ठेवायचं. सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालाने वैद्यकीय इच्छापत्राला (लिव्हिंग विल) मान्यता दिली, पण वाट इतकी किचकट होती की कुणी फिरकलं नाही. २०२३ मध्ये ती सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या गोव्यात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचं करून सुरुवात केली. मी माझं केलंय. बायको आठ दिवस बोलत नव्हती.

---

फेरीबोट | रविवार, रात्री ८:४५

धागा कुठून कुठे गेला! मूळ मुद्द्यावर येतो, कारण पूल माझ्या डोक्यातून जात नाहीये. फेरी चालू होती म्हणजे दुसरी नर्स येऊ शकत होती. मग अशी आली तर? पूल पडून आठवडा झालाय. ती तासभर रांगेत भिजून, फेरीने येऊन दारात उभी. आणि तुमची नर्स तिला दारातूनच परत पाठवते. "फेरी बंद आहे असं सांगते मी मास्तरांना. तू जा." पूल निमित्तालाही राहतो आणि माझ्या फेरीचीही अब्रू राहते.

---

मांडवीकाठ | रविवार, रात्री ९:०१

काका!!!

---

तिसवाडीकर | रविवार, रात्री ९:२०

हे जमलं. पण का पाठवते, ते अजिबात सांगू नका.

---

नाइट_ड्यूटी | रविवार, रात्री १०:१५

असं कुठलीही नर्स करणार नाही. बदली आली की आपण पिशवी उचलतो. झोप हवी असते, घर असतं, पोरं असतात. चोवीस तास एकटीने करणारी नर्स चुका करते, औषधाचा डोस दोनदा देते. हे शौर्य म्हणून लिहू नका.

---

नाइट_ड्यूटी | सोमवार, पहाटे ३:२५

झोप लागेना म्हणून उठले. वर लिहिलं ते खरं आहे. पण मी एकदा पाठवली होती.

घरी जाऊन करत होते तेव्हाची गोष्ट. एक बाई, माझ्याहून थोडी मोठी. बोलणं बंद झालेलं. सकाळी आठला माझी बदली आली, चांगली मुलगी होती, कामाला चोख. मी ओव्हर द्यायला, म्हणजे पेशंटची माहिती तिच्या हवाली करायला लागले. बीपी सांगितलं, लघवी किती ते, रात्री किती वाजता काय दिलं ते. सगळं वहीत होतंच. मग मला सांगायचं होतं की हिला चमच्याने पाणी देताना डावा हात धरावा लागतो. उजवा नाही. डावा धरला तरच ती तोंड उघडते. का ते मला माहीत नव्हतं, अकरा दिवसांनी सापडलं होतं. एवढंच वाक्य. ते तोंडातून निघेना. वाटलं, हे सांगितलं की माझ्याकडे काहीच उरणार नाही. तर मी त्या मुलीला म्हटलं, तू आज जा, मी थांबते, ब्युरोला मी सांगते.

त्या दिवशी संध्याकाळी बाई गेली. मुलाने हिशेब चुकता केला, सुट्टे नव्हते तर वरचे ठेवा म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुसरं घर, पॅरालिसिसचे आजोबा, तापट. पाणी देताना मी त्यांचा डावा हात धरला, तर त्यांनी हिसडा मारून सोडवला.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. वापरायचं तर वापरा. हात मात्र डावाच ठेवा.

---

मांडवीकाठ | सोमवार, सकाळी ७:४०

वाचलं. दोनदा वाचलं. शाळेत जायचंय, संध्याकाळी लिहिते.

---

सांजवात | सोमवार, सकाळी ९:३०

ब्युरोकडून आमच्या सिस्टरचा नंबर मिळवला. आत्ता फोन केला. ती पहिलं वाक्य काय म्हणाली सांगू? "आईंच्या त्या लाल दुलईचं काय केलंत?"

---

मांडवीकाठ | सोमवार, रात्री १०:१०

सगळ्यांचे आभार वेगवेगळे मानायचे तर आणखी एक कादंबरी होईल. दहा खिडक्या उडवल्या. मॉर्फिनची तीन पानं उडवली. सत्याग्रह ठेवला, पण मास्तर आता १३ ऑगस्टला जातात. दुसरी नर्स दारापर्यंत येते. नर्सला नाव दिलंय. मास्तर ते सुरुवातीपासून चुकीचं उच्चारतात आणि ती दुरुस्त करत नाही.

आणि हे आजच लिहिलेलं, नवव्या प्रकरणाची सुरुवात:

'तीन वाजून दहा मिनिटांनी तिने मोरीतला दिवा लावला. फडकी धुतली, पिळली. मग बॅगेतली सुतळी काढून एक टोक मोरीच्या कडीला बांधलं आणि दुसरं मास्तरांच्या पलंगाच्या दांडीला. जाग आली तेव्हा मास्तरांना आपल्या पायांवरून एक पांढरी बाही लोंबताना दिसली. "हे काय?" त्यांनी विचारलं. "माझा झगा," ती म्हणाली. "दुसरीकडे जागा नाही."'

---

तिसवाडीकर | सोमवार, रात्री १०:२६

अखेर नर्स बोलली. पुढील लेखनास शुभेच्छा.

---

नाइट_ड्यूटी | सोमवार, रात्री १०:५०

छान आहे. पण पलंगाच्या दांडीला दोरी बांधू नका, पेशंटची कूस बदलताना आडवी येते. दाराच्या बिजागरीला बांधा. आणि ओल्या बाहीचं पाणी त्यांच्या पायांवर ठिबकेल, गार पाण्याने पायांत गोळे येतात. झगा तिकडच्या टोकाला, इकडे कोरडा रुमाल.

---

मांडवीकाठ | सोमवार, रात्री १०:५८

बदललं. बिजागरी.

---

कोकमसरबत | सोमवार, रात्री ११:०३

चिमटे?